बुजू नये म्हणून

माणूस घाबरतो, जनावर बुजतं. मराठीने या दोन भीतींना दोन शब्द दिले ते उगाच नसावेत. गाडीला जुंपलेला बैल वाऱ्यावर उडालेल्या कागदाला बुजतो, घोडं स्वतःच्या सावलीला बुजतं, बाजारातून आणलेली गाय नव्या गोठ्यात चार दिवस बुजरी राहते. बुजणारं जनावर भित्रं असेलच असं नाही. समोर आलेल्या गोष्टीचा अर्थ त्याला लागलेला नसतो, एवढंच. शेतातलं बुजगावणं याच क्रियापदातून उभं राहिलं. जोंधळा दाण्यात आला की भोरड्यांचे थवे उतरतात. मग माळ्यावर चढून गोफण फिरवायची, डबा बडवायचा, हाळ्या द्यायच्या. आणि राखण करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं की बुजगावण्याची सत्ता फार दिवस टिकत नाही. काही दिवसांनी त्याच्या पसरलेल्या हातावरच पाखरं बसतात. डबा एकाच जागेवरून एकाच तालात वाजत राहिला आणि त्यामागून दगड कधी आलाच नाही, तर पाखरं मानसुद्धा वर करत नाहीत. ती सरावतात. बुजणं आणि सरावणं या दोन टोकांमध्ये जनावराचं सगळं शिक्षण चालतं, आणि खेड-चाकणच्या शिवारातल्या राखणदाराचा अनुभव हा त्या शास्त्राचा पहिला धडा आहे. ज्या आवाजामागून काहीच घडत नाही, तो आवाज जनावराच्या लेखी हळूहळू वाऱ्यासारखा होऊन जातो.

पक्ष्यांच्या शिकारीसाठी कुत्री तयार करणाऱ्यांचा प्रश्न राखणदाराच्या नेमका उलट असतो. राखणदाराला हवं असतं की पाखरं सरावू नयेत. यांना हवं असतं की कुत्रं बुजू नये. युरोपात उडत्या पक्ष्यावर बंदूक चालवण्याचा शौक वाढत गेला तशी कुत्र्यांची कामं वाटली गेली. पॉइंटरने वासावरून पक्ष्याची जागा हेरायची आणि तिथेच थिजून उभं राहायचं. स्पॅनियलने झुडपातून पक्षी उठवायचा. रिट्रीव्हरने पडलेला पक्षी दात न रुतवता तोंडात धरून आणायचा. या तिन्ही कामांत कुत्र्याच्या डोक्यावर बंदूक वाजणार, आणि त्या आवाजाने एकदा जे कुत्रं बिथरलं ते पुढे बंदुकीची पिशवी पाहूनही गाडीखाली दडणार. म्हणून खऱ्या बंदुकीआधी ब्लँक पिस्तूल आलं: दारू आहे, आवाज आहे, गोळी नाही. आपल्या वाचकांनी ब्लँक काडतूस ऐकलेलं असतं ते मानवंदनेत. शासकीय इतमामात निरोप देताना पोलीस हवेत फैरी झाडतात, त्या याच. तिथे तो आवाज शोकाचा असतो. प्रशिक्षणाच्या मैदानात त्याच आवाजाला अगदी साधा, रोजचा अर्थ चिकटवायचा असतो.

हा प्रश्न आपला नाही असं पटकन म्हणता येईल, आणि इतिहासापुरतं ते खरंही आहे. महाराष्ट्राच्या आणि सीमेपलीकडच्या मुधोळच्या शिकारी कुत्र्यांचा बंदुकीशी फारसा संबंध आला नाही. मुधोळ असो वा आपली कारवानी, ही कुत्री डोळ्यांनी शिकार करणारी: लांब पाय, खोल छाती, सशामागे सुटलेला बाण. फासेपारध्यांची पक्ष्यांची पारध तर जवळजवळ मुकी होती. तित्तराला पाळलेल्या तित्तराच्या हाकेने बोलवायचं, केसांच्या फाशात त्याचा पाय गुंतवायचा. गोंगाट झाला तर त्यांचा दिवस वाया. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्तीने शिकारीचा विषयच संपवला, तो संपला हे फार चांगलं झालं. तरीही पक्षी-शिकारीचं कुत्रं आपल्याकडे आलंच, आणि आलं ते वेगळ्याच दारातून. वाकड, मोशी, पिंपळे सौदागर इथल्या गृहसंकुलांत सकाळी सात वाजता लिफ्टमधून उतरणारा लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, कॉकर स्पॅनियल ही सगळी बंदुकीच्या संगतीत घडवलेली वंशावळ आहे. रिट्रीव्हर म्हणजे आणून देणारा. कॉकरचं नाव तर वुडकॉक या पक्ष्यावरून पडलेलं. महाराष्ट्र पोलिसांचं सर्वांत नावाजलेलं कुत्रं, १९९३ च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांच्या काळात तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुडकून देणारा झंजीर, हाही लॅब्रेडॉरच होता, आणि तो तयार झाला पुण्यात शिवाजीनगरला, गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात. २०१६ मध्ये मुधोळची पिल्लंही सैन्याने मेरठला आपल्या केंद्रात नेली, म्हणजे डोळ्यांनी धावणाऱ्या आपल्या कुत्र्यालाही आता बंदुकीचा आवाज ओळखीचा करून घेणं आलं. पक्षी गेला, शिकार गेली, पण कुत्र्याचे कान आणि बंदुकीचा आवाज यांचा प्रश्न शिल्लक राहिला.

माझं म्हणणं एवढंच आहे की ब्लँक पिस्तुलाची निवड माणसाच्या हातावरून होऊ नये, कुत्र्याच्या कानावरून व्हावी. आणि त्याची देखभाल ही प्रशिक्षणानंतरची झाडलोट नसून प्रशिक्षणाचाच भाग समजावी. बाजारात ही वस्तू पाहणाऱ्याचा हात आपोआप वजनदार, खऱ्या पिस्तुलासारख्या दिसणाऱ्या, मोठा बार काढणाऱ्या नमुन्याकडे जातो. तिथेच चूक सुरू होते. या साधनाचा गुण त्याच्या आवाजाच्या लहानपणात आहे आणि त्या आवाजाच्या एकसारखेपणात आहे. चाकणच्या कोणत्याही कारखान्यात गेजवर काम केलेल्या माणसाला हे समजवावं लागणार नाही. गेज महाग आहे की चकचकीत आहे याने काही ठरत नाही. तो आज जे माप दाखवतो तेच उद्या दाखवतो की नाही, यावर सगळा लॉट पास होतो किंवा परत येतो.

आधी लहानपणाचं बोलू. आवाजाचं पहिलं माप डेसिबल असतं असं आपण धरून चालतो, पण जनावरासाठी पहिलं माप अंतर आहे. मोकळ्या रानात अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. एका मीटरवरून चौसष्ट मीटरवर गेलं की सहा दुपटी होतात, म्हणजे ३६ डेसिबलचा फरक, आणि तो एक पैसा खर्च न करता मिळतो. दारूच्या बाबतीत अंतर हेच पहिलं संरक्षण असतं हे चाकण-पिंपरीच्या या पट्ट्याला वेगळं सांगायला नको. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती दोन हजार यार्डांचा रेड झोन आहे आणि तळवडे, निगडी, चिखलीकडच्या कित्येक कुटुंबांची घरबांधणी त्या एका आकड्याशी अडलेली आहे. कोठारापाशी वर्तुळ आखताना जे तत्त्व वापरलं, तेच एका पिल्लासाठी वापरायचं आहे. पहिला आवाज शंभर पावलांवरून यावा, पिल्लू काहीतरी आनंदाचं करत असताना यावा, आणि तो काढणारा माणूस दुसराच असावा. मालकाने स्वतः कुत्र्याच्या डोक्यावर हात उंचावून पहिला बार काढणं ही सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

इथे औद्योगिक पट्ट्यातली एक खास अडचण पुढे येते. कुत्र्याचा कान सुमारे पंचेचाळीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो. माणसाची मर्यादा वीस हजाराची, तीही तरुणपणी. त्यातून प्रेस शॉपमध्ये किंवा फोर्जिंगच्या हातोड्याजवळ पंधरा वर्षं काढलेल्या माणसाचं ऐकणं आधी चार हजार हर्ट्झच्या आसपास खचतं. ही खचण त्याला स्वतःला बराच काळ कळत नाही, कारण बोलणं ऐकू येतच असतं. ब्लँकचा कडाका नेमका याच वरच्या पट्टीत तीव्र असतो. म्हणजे दिवसभर शॉपफ्लोअरवर असणारा माणूस संध्याकाळी कुत्र्याला शिकवायला निघाला तर ‘एवढासा तर आवाज आहे’ हा त्याचा निवाडा त्याच्या कानांनी केलेला असतो, कुत्र्याच्या नव्हे. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि एकाएकी होणाऱ्या आघाती आवाजाला १४० ची. ब्लँक पिस्तूल कानाजवळ वाजलं तर ही दुसरी मर्यादा सहज ओलांडतं. म्हणून आवाज काढणाऱ्यानेही कानात प्लग घालावेत. ते खिशात पडून असतातच. त्याचं कारण स्वतःचा कान वाचवणं हे आहेच, पण आपल्या कानावर विसंबून राहायचं नाही याची आठवणही त्यातून राहते.

मग निवड कोणती? मवाळ जात आहे ती नुसत्या प्रायमरवर चालणाऱ्या पिस्तुलाची. बाराबोअर काडतुसाच्या बुडाशी जी टोपी असते, ज्याला २०९ प्रायमर म्हणतात, तेवढीच यात पेटते. वेगळी दारू नसते. त्यानंतर पॉइंट टू-टूचे आखूड ब्लँक, मग त्याच मापाचे जास्त दारूचे, आणि मग पॉइंट थर्टी-टू नि नऊ मिलिमीटरचे. शेवटच्या दोघांना कुत्र्याच्या पहिल्या वर्षात जागा नाही असं मी ठामपणे म्हणेन. दुसरी पाहण्याची गोष्ट नळी. चांगल्या ब्लँक पिस्तुलाच्या नळीत टणक पोलादाची खीळ घट्ट बसवलेली असते, म्हणजे त्यातून खरी गोळी कधीच जाऊ नये. तप्त वायू वरच्या किंवा बाजूच्या छिद्रातून निघतो. छिद्र कुठे आहे हे घेण्याआधी बोटाने चाचपून पाहावं, कारण आपली दुसऱ्या हाताची बोटं कुठे नसावीत हे त्यावर ठरतं. तिसरी गोष्ट धातू. स्वस्त नमुन्यांचं अंग जस्ताच्या मिश्रधातूच्या डायकास्टिंगचं असतं. त्या धातूला कमी लेखायचं कारण नाही, आपल्या गाड्यांचे कितीतरी भाग तसेच ओतले जातात. पण घोड्याचा टप्पा, चापाची खाच आणि काडतूस बसतं ती जागा पोलादाची असेल तरच हजार बारांनंतरही पहिल्यासारखं ठोकणं राहतं. आणि शेवटी रूप. ही वस्तू दहा पावलांवरून खऱ्या पिस्तुलासारखीच दिसते. ती पिशवीत टाकून नाशिक फाट्यावरून बसने नेण्याची गोष्ट नाही. चाकण आता पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात येतं. घेण्याआधी परवान्याबद्दल तिथे लेखी विचारावं, उत्तर जपून ठेवावं, आणि वस्तू कुलपाच्या पेटीतच न्यावी.

यावर पहिला आक्षेप तयारच असतो, आणि तो वजनदार आहे: एवढा व्याप कशाला, मोबाइलवर बंदुकीचा आवाज मिळतो, तो स्पीकरवर लावावा. किंवा शाळांच्या मैदानी स्पर्धांत शर्यत सोडायला वापरतात तसा लाकडी क्लॅपर घ्यावा, दोन फळ्या नि एक बिजागरी. क्लॅपरच्या बाजूने मी पूर्णपणे आहे. घरगुती कुत्र्याला दिवाळी सोसता यावी एवढाच हेतू असेल तर पिस्तुलाची गरजच नाही. क्लॅपर, अंतर आणि मूठभर खाऊ यांनी काम होतं, आणि तसं असेल तर कोणी पिस्तूल घेऊ नये असंच मी सुचवेन. ध्वनिमुद्रणालाही पहिल्या पायरीवर जागा आहे, कारण त्याचा आवाज एका बोटाने कमी-जास्त होतो. पण ते पायरीपुरतंच. दारूच्या आवाजात एक दाबाची लाट असते, हजारांश सेकंदात उसळून ओसरणारी. छोट्या स्पीकरचा पडदा ती उभी करू शकत नाही. कुत्रं हा फरक ओळखतं. स्पीकरसमोर शांत झोपणारं कुत्रं पहिल्या खऱ्या बाराला उधळतं तेव्हा मालकाला ती गद्दारी वाटते. कुत्र्याच्या लेखी ते दोन वेगळे आवाज असतात, आणि त्यातल्या एकाचीच ओळख त्याला करून दिलेली असते. पोलिसांच्या किंवा वनखात्याच्या पथकातल्या कुत्र्याला हा फरक मैदानात कळणं परवडत नाही.

दुसरा आक्षेप या पट्ट्यातला माणूस हमखास घेतो. इथे आवाजाला काय तोटा आहे? रात्रपाळीचे प्रेस, तळेगाव चौकातले ट्रेलरचे हॉर्न, बैलगाडा घाटातला गलका, विसर्जनाचे डीजे, लग्नाच्या वरातीतल्या माळा. इथलं कुत्रं आपोआप सरावेल. राखणदाराच्या पाखरांचा दाखला मीच दिला आहे, म्हणून या आक्षेपाला नीट उत्तर द्यायला हवं. पाखरं सरावली, कारण तो आवाज लांबचा होता, एका तालातला होता, आणि उडून दूर जायला त्यांना आभाळ मोकळं होतं. या तीन अटींपैकी एकही मोडली की तोच आवाज उलटं काम करतो. १९२० मध्ये जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी अमेरिकेत एका तान्ह्या मुलावर जो प्रयोग केला तो आज कोणी करू धजणार नाही, करूही नये. मूल पांढऱ्या उंदराशी खेळायला हात पुढे करी, आणि त्याच क्षणी पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा पडे. मोजक्याच वेळा हे घडलं, आणि मूल उंदराला पाहूनच रडू लागलं. पुढे ससा नि केसाळ वस्तूंनाही. लोखंडावर पडणारा हातोडा हा आपल्या पट्ट्याचा रोजचा आवाज आहे. तो नेहमीचा आहे म्हणून निरुपद्रवी होत नाही. जवळून, अचानक आणि एखाद्या गोष्टीच्या जोडीने आला की तो त्या गोष्टीला चिकटतो. सुटकेच्या वाटेचा प्रश्न १९६७ मध्ये सेलिगमन आणि मायर यांनी कुत्र्यांवरच तपासला. विजेचा धक्का थांबवणं ज्या कुत्र्यांच्या हाती नव्हतं, त्यातली बरीच पुढे उडी मारून सुटता येत असतानाही जागच्या जागी पडून राहिली. नवव्या मजल्याच्या बाल्कनीत साखळीला बांधलेल्या लॅब्रेडॉरसाठी लक्ष्मीपूजनाची रात्र याहून फार निराळी नसते. फटाक्यांना आपला कायदा फुटल्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा घालतो. पण मर्यादेतला फटाकाही केव्हा फुटेल, कुठून फुटेल, पुन्हा किती वेळ फुटत राहील हे त्या कुत्र्याला कळायला मार्ग नसतो. अशा रात्रीनंतर ते आपल्या पायाशी निपचित पडलं असेल तर ते सरावलं असं समजू नये. हरलेलं जनावरही शांत दिसतं.

याच जागी देखभालीचा मुद्दा येतो, आणि मला तो निवडीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. आवाज कळता हवा असेल तर तो दर वेळी तोच हवा. अस्वच्छ पिस्तूल तोच आवाज देत नाही. छिद्रात काजळी बसली की वायू अडखळतो, बार कधी दबलेला निघतो, कधी दोन बारांची काजळी एकदम सुटून कडाडतो. पिन झिजली की चार काडतुसांतलं एक पेटत नाही. नुसता खटका होतो आणि फुसका बार ठरतो. माणसाला फुसका बार म्हणजे फक्त एक काडतूस वाया. कुत्र्याला मात्र त्या क्षणी वेगळंच काही शिकवलं जातं: खटका झाला, काही आलं नाही, मालक गडबडला, त्याने पिस्तूल उलटंसुलटं करून पाहिलं, आणि मग अचानक आवाज. अशा पाच संध्याकाळी गेल्या की खटकाच भीतीची खूण बनतो. राखणदार मुद्दाम हेच करतो. जागा बदलतो, वेळ बदलतो, कधी डबा तर कधी गोफण, कारण पाखरं सरावू नयेत हेच त्याला हवं असतं. जुनाट, न पुसलेलं पिस्तूल नकळत राखणदाराची विद्या कुत्र्यावर चालवतं.

आपल्याकडे या कामातला मोठा शत्रू पावसाळा आहे. मावळातून येणारी दमट हवा जूनपासून चार महिने लोखंडाला सुखाने राहू देत नाही, आणि ब्लँक काडतुसाची राख तिला मदत करते. काळ्या दारूच्या आणि जुन्या पद्धतीच्या टोप्यांच्या राखेत पोटॅशियमचे क्षार राहतात. ते मिठासारखे हवेतलं पाणी ओढून घेतात. म्हणून संध्याकाळी काम संपल्यावर पिस्तूल ‘उद्या बघू’ म्हणून पेटीत ठेवलं तर दोन दिवसांत काडतुसाच्या घरात तांबूस कड दिसू लागते. नुसतं तेल चोपडून हे थांबत नाही, कारण क्षार तेलात विरघळत नाहीत. तेलाखाली बसून ते आपलं काम चालूच ठेवतात. पोलादी भाग आधी गरम पाण्याने पुसायचे, तत्काळ कोरडे करायचे, मग पातळ तेलाचा हात फिरवायचा, आणि जादा तेल पुन्हा टिपून घ्यायचं. ओलं तेल काजळीला चिकटवून ठेवतं आणि काडतुसाच्या टोपीत झिरपलं तर तीही निकामी करतं. जस्ताच्या अंगाला तीव्र रसायनं लावू नयेत. छिद्र पितळी तारेने मोकळं करावं, पोलादी सुईने नव्हे, नाहीतर छिद्रच हळूहळू मोठं होतं आणि आवाज बदलतो. पॉइंट टू-टूच्या बऱ्याच नमुन्यांत पिन काडतुसाच्या कडेवर ठोकते. रिकाम्या घरावर चाप ओढत बसलं की ती थेट पोलादावर आदळते, बोथटते आणि समोरच्या कडेला खाच पाडते. हातात आलं की दोनदा चाप ओढून पाहण्याची सवय म्हणूनच वाईट. टोप्यांच्या मिश्रणात बहुधा शिसं असतं, तेव्हा साफसफाई उघड्यावर करावी, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय कुत्र्याच्या तोंडाशी खाऊ नेऊ नये. कारखान्यात प्रत्येक मशिनला हिस्टरी कार्ड असतं तसं एका वहीत तारीख, किती बार काढले, किती फुसके गेले, काडतूस कोणत्या डब्यातलं, हे लिहीत जावं. फुसक्यांची संख्या वाढलेली वहीत दिसते तेव्हा कुत्र्याच्या वागण्यात ती अजून दिसायची असते. पिन बदलण्याची वेळ तीच. मोडल्यावर दुरुस्ती आणि मोडण्याआधी दुरुस्ती यांतला फरक ज्या पट्ट्याने रोज जगून पाहिला आहे, त्याला एवढं सांगणं पुरे.

गोळी नाही म्हणून धोका नाही, हा समज मात्र खोडून काढायलाच हवा. १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम या अमेरिकी नटाने चित्रीकरणाच्या जागी ब्लँक भरलेलं रिव्हॉल्व्हर थट्टेत स्वतःच्या कानशिलाला लावून चाप ओढला. नुसत्या ब्लँकच्या आघाताने त्याची कवटी फुटली आणि तो वाचला नाही. १९९३ मध्ये ब्रँडन ली गेला तो नळीत आधीच अडकलेल्या गोळीच्या टोकामुळे, मागून ब्लँकच्या दारूने ते ढकललं तेव्हा. ती खरी हत्यारं होती, खिळलेल्या नळीची नव्हती, हे खरं. पण हातभर अंतरावर तप्त वायू, न जळलेली दारू आणि टोपीचे कण यांना हत्यार खरं की खोटं हे कळत नाही. छिद्र कोणत्याही जिवाकडे रोखलेलं नसावं. बार फुसका गेला तर नळी जमिनीकडे धरून अर्धा मिनिट थांबावं आणि मगच उघडावं. मुलांच्या हाती ते खेळायला देऊ नये, रिकामं असलं तरी.

एक आक्षेप उरतो आणि तो नैतिक आहे. शिकार बंद झालेल्या राज्यात शिकारीचं साधन कशाला सांभाळायचं? त्यातून शौक पुन्हा जागा होणार नाही का? ही भीती मला खोटी वाटत नाही. राजगुरुनगरच्या आसपासच्या माळांवर अजून लावे आहेत, तित्तर आहेत, चंडोल आहेत. शिकवण्याच्या निमित्ताने कोणी कुत्रं त्यांच्यावर सोडलं तर तो गुन्हा आहे, आणि कायद्यात नसता तरी तो गुन्हाच राहिला असता. उन्हाळ्यात टिटवी उघड्या मातीत अंडी घालते. त्या दिवसांत अशा माळावर ब्लँकही वाजवू नये. मोर असलेल्या रानात तर एक बार काढला की चारी दिशांनी मोरांची ओरड उठते, आणि त्यावरून समजावं की आपण कोणाच्या घरात उभे आहोत. पण नाकाने वास हुडकणाऱ्या कुत्र्याची गरज शिकारीबरोबर संपलेली नाही. तिची दिशा बदलली. २००८ पासून ट्रॅफिक या संस्थेच्या पुढाकाराने भारतात वन्यजीव गुन्हे शोधणारी श्वानपथकं तयार होऊ लागली, महाराष्ट्राच्या वनविभागातही ती आली. ज्या नाकाने कधीकाळी लावा दाखवला असता, ते नाक आता वाघाचं कातडं लपवलेली खोली दाखवतं. त्या खोलीतून पळणाऱ्याने गोळी झाडली तर कुत्रं बुजून चालणार नाही. आवाज केव्हा वापरायचा नाही हे कळणंही याच विद्येत येतं. मार्च २०२२ मध्ये चाकणच्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात बिबट्या शिरला तेव्हा काम थांबवलं गेलं, माणसं बाहेर काढली गेली, आणि वनविभाग नि माणिकडोहच्या बचाव केंद्राच्या पथकाने त्याला भुलीचं इंजेक्शन मारून सोडवलं. पत्र्याच्या शेडमध्ये फटाके वाजवून त्याला हुसकावणं म्हणजे घुमणाऱ्या आवाजात वाट न सापडलेलं जनावर माणसांवर ढकलणं झालं असतं.

पत्र्याच्या शेडचीच गोष्ट कुत्र्यालाही लागू आहे. कंपनीच्या कंपाउंडमध्ये, भिंतींच्या मध्ये, पुलाखाली कधी शिकवू नये. प्रतिध्वनीत एका बाराचे तीन बार होतात आणि आवाज कुठून आला हे कुत्र्याला कळत नाही. पीक निघालेलं मोकळं रान, मालकाची परवानगी, शेजारच्या वस्तीला आदल्या दिवशी दिलेला निरोप. कुत्र्यापुढे परात, परातीत भाकरी नि अंडं. सहायक शंभर पावलांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, पाठ फिरवून. कुत्र्याने खायला सुरुवात केली की त्याने हात वर करावा आणि एक बार काढावा, एकच. कुत्र्याचा एक कान उभा राहील, बहुतेक मानही वर होईल. शेपटी कुठे आहे ते पाहायचं. तोंड पुन्हा परातीत गेलं, तर त्या दिवशी दुसरा बार काढायचा नाही. पिस्तूल पुसायचं, वहीत एक ओळ लिहायची आणि घरी यायचं.